जिवोपंत दुभाष्यांनी डोंगरी बोलीचे व्याकरण बसविले त्याची हकीकत

श्रीशारदा प्रसन्न. जिने मुक्यास वाणी दिली, आणि बोलक्याने केव्हा बोलावे हे मात्र ज्याच्या त्याच्या अकलेवर सोडून दिले, त्या देवीस दंडवत घालून ही हकीकत मांडिली आहे. शके सोळाशे एक्याण्णव, विरोधीनाम संवत्सर, ते समयी एक राज्य होते. राज्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही, कारण ज्यांस ठाऊक आहे त्यांस ठाऊकच आहे, आणि ज्यांस ठाऊक नाही त्यांचे काही अडत नाही. त्या राज्यास चहूं दिशांनी परक्या बोलीचा शेजार, म्हणून दरबारी भाषादफ्तर असे एक दफ्तर होते, आणि जिवोपंत दुभाषे त्या दफ्तराचे मुख्य. वय साठीस टेकलेले, अंगाने कृश, स्वभावाने निर्मळ, आणि व्याकरण म्हटले की तहानभूक हरपावी ऐसे वेड. दफ्तरी नवे कारकून दाखल जाहले की पंत त्यांस शब्द शिकवीत नसत, आधी वाक्याचा दरबार समजावून सांगत. म्हणत की, वाक्य म्हणजे दरबार जाणावा. कर्ता मसनदीवर, कर्म त्यापुढे उभे, विशेषणे म्हणजे चोपदार, धन्याच्या पुढे ललकारत चालायचे, आणि क्रियापद म्हणजे कारभारी, त्यावाचून पानही हालत नाही. मग आमच्या भाषेत हा कारभारी सर्वांची पाने वाढून शेवटी जेवायास बसतो, आणि समुद्रावरच्या टोपीवाल्यांच्या भाषेत तोच कर्ता आणि कर्म यांच्या मध्ये ठाण मांडितो, आणि घोड्यांचे सौदागर उत्तरेकडून येतात त्यांच्या पोथ्यांत तर तो दारातच उभा, आधी त्यास भेटावे मग धन्यास. जागा निरनिराळ्या, परंतु दरबार सगळीकडे भरतोच, हे एकदा उमगले की कोणतीही भाषा परकी राहत नाही, ऐसे पंत म्हणत आणि म्हणताना त्यांचे डोळे ओलावत. कारकून माघारी हसत, परंतु शिकत.

या दफ्तरास एक कायदा होता, त्याचे नाव मुखबंद, आणि तो जिवोपंतांनीच लिहिला होता. त्याचे कारण ऐसे की, त्यांच्या अगोदरचे दुभाषे बाळंभट हे चाळीस शब्द पाठ करून टोपीवाल्यांशी तहास बसले. आमच्या भाषेत राजाने वाघ मारिला म्हणा की वाघ मारिला राजाने म्हणा, मरतो तो वाघच, कारण प्रत्यय ज्याचा त्याच्या अंगावर असतो. टोपीवाल्यांचे शब्द उघडेबोडके, त्यांत जो आधी बसला तो मारणारा आणि जो मागे बसला तो मेला. बाळंभटांनी शब्द आपल्या चालीने मांडिले, स्वतःस आधी आणि टोपीवाल्यांस मागे, आणि मनात होते की टोपीवाल्यांनी आम्हांस किल्ला सोडावा, आणि कागदावर उमटले की किल्ला आम्ही सोडितो, आणि मग किल्ला गेला तो गेलाच. तेव्हा जिवोपंतांनी कायदा केला की, कोणत्याही भाषेचे व्याकरण सात प्रकरणी पुरे होऊन त्यावर शिक्का जाहल्यावाचून दुभाष्याने त्या भाषेत एक शब्द बोलू नये, आणि त्या भाषेतील एक वाक्य आपल्या भाषेत करून कोणास सांगू नये. महाराजांनी त्यावर सही केली. वीस वर्षे हा कायदा चालला आणि वीस वर्षांत एकही तह उलटला नाही, तेणेकरून पंतांची कीर्ती फार जाहली, आणि दुर्दैवाने त्यांस ती खरीही वाटू लागली.

पुढे चैत्रमासी महाराजांच्या मातुश्री सगुणाबाईसाहेब यांस अर्धांगाचा झटका आला. मातुश्री मूळच्या घाटापलीकडील डोंगरी मुलखातल्या, बाराव्या वर्षी सोयरीक होऊन या राज्यात आल्या, इथली भाषा शिकल्या, आणि अठ्ठेचाळीस वर्षे इथल्याच भाषेत रागावल्या आणि हसल्या. त्यांची माहेरची बोली काय आहे हे कोणी विचारिले नव्हते, आणि ती जाणणारे राज्यात दुसरे कोणी नव्हते. झटका उतरला तेव्हा उजवे अंग गेले होते, आणि इथली भाषा समूळ पुसली गेली होती, उरली ती बाळपणीची डोंगरी. मातुश्री बोलत आणि दासी एकमेकींकडे पाहत, आणि महाराज उशाशी बसून आईचे बोल ऐकत आणि त्यांस एक अक्षर कळत नसे. मग महाराजांनी जिवोपंतांस बोलावून सांगितले की, पंत, आईसाहेब काय म्हणतात ते आम्हांस कळले पाहिजे, यापरता दुसरा हुकूम नाही. पंतांनी मुजरा केला आणि म्हणाले की, व्याकरण बसवितो.

मग पंत रोज सकाळी वही घेऊन मातुश्रींच्या महाली जात. आधी पेला, पाणी, दिवा, हात ऐसे बोटाने दाखवावे आणि मातुश्रींनी नाव सांगावे. मग पेला एक, पेले दोन. मग पाणी दिले, पाणी देते, पाणी देईल. मातुश्रींस वाटले की आपल्याशी बोलणारे कोणी आले, म्हणून त्या फार उमेदीने सांगत, थकल्या तरी सांगत. आणि ती बोली पंतांस ऐसी निघाली की त्यांनी आजवर पाहिलेल्या सर्व भाषा तीपुढे फिक्या पडल्या. तीत क्रियापद दारात उभे, सौदागरांच्या पोथीसारखे. आणि त्या क्रियापदाच्या शेपटीवरून कळे की सांगणाऱ्याने गोष्ट स्वतः पाहिली आहे की नुसती ऐकली आहे. पंत घरी येऊन जेवायचे विसरत. वैशाख गेला, ज्येष्ठ गेला, आषाढात तिसरे प्रकरण जाहले, आणि श्रावणाच्या दुसऱ्या सोमवारी, मातुश्री बोलत असता, पंतांच्या ध्यानात आले की आपण आता शब्द जुळवीत नाही, आपल्यास सरळ कळते आहे.

कळले ते ऐसे की, मातुश्रींस एक धाकटी बहीण होती, तिचे नाव बिरली, आणि मातुश्री म्हणत होत्या की बिरलीस बोलवा, तिने येऊन माझे केस विंचरावे, माझ्याशी चार शब्द बोलावे. दुसरे काही मागणे नव्हते. हेच त्या चैत्रापासून म्हणत होत्या, कधी मागणी म्हणून, कधी रागावून, कधी नुसते स्वतःशी. पंतांनी ते वाक्य वहीत उतरून घेतले. मग मातुश्रींनी त्यांच्याकडे पाहून विचारिले की, तुला कळते का? पंतांस कळले. परंतु मुखबंद होता, म्हणून त्यांनी मान खाली घातली आणि हेही वाक्य प्रश्नांच्या प्रकरणात उतरून घेतले.

त्या दिवशी दुपारी पाटावर बसता त्यांनी कुटुंबास, द्वारकाबाईंस, सहज सांगितले की मातुश्री बहिणीची आठवण काढतात. सांगणे कायद्याबाहेरचे होते, परंतु चाळीस वर्षांच्या संसारात तेवढे निसटते. द्वारकाबाई वाढता वाढता थांबल्या आणि म्हणाल्या, "मग महाराजांना सांगितलेत?"

पंत म्हणाले की, अजून चार प्रकरणे राहिली.

"अहो, बहिणीला बोलवायला कसले व्याकरण लागते?"

पंतांनी त्यांस बाळंभटांची गोष्ट सांगितली, जी त्यांनी शंभर वेळा ऐकिली होती. आणि म्हणाले की, मी चुकीचे सांगितले आणि भलतीच बाई येऊन उभी राहिली तर राजघराण्याची शोभा होईल. द्वारकाबाई म्हणाल्या की भलती आली तर तिला जेवू घालून परत पाठवू, आणि ताकाचा पेला जरा आपटून ठेविला. पंतांस राग आला. महाराजांस न सांगण्याचे खरे कारण कायदा नव्हता, भीतीही पुरती नव्हती. खरे कारण हे की, बहीण आली की मातुश्री बहिणीशी बोलतील, मग वही घेऊन बसलेल्या म्हाताऱ्याशी कशास बोलतील, आणि ही भाषा चौथ्या प्रकरणातच हातातून जाईल. ही गोष्ट पंतांनी स्वतःशीही कधी उच्चारली नाही. जो मनुष्य अवघे आयुष्य दुसऱ्याच्या बोलण्यातला कर्ता कोण हे शोधीत आला, त्याने आपल्या मनातला कर्ता पाहण्याचे टाळिले, याचे वाईट वाटते.

महाराज दर आठव्या दिवशी येऊन विचारीत की, आईसाहेब काय म्हणतात, आणि पंत हात जोडून म्हणत की, मुखबंद आहे. एकदा महाराज काकुळतीस येऊन म्हणाले, "पंत, इतके तरी सांगा, त्यांना काही दुखते आहे का?" पंतांनी सांगितले की, अर्धे सांगून चूक जाहली तर अपराध माझा होईल, थोडा धीर धरावा. महाराजांची सही कायद्यावर होती, म्हणून महाराजांनी धीर धरिला. भाद्रपद गेला. दसऱ्यास घाटाची वाट सुकली, बैल चालू लागले, डोंगरी मुलूख तेथून चार दिवसांच्या चालीवर, आणि पंत पाचव्या प्रकरणात होते. दिवाळी जाहली आणि मातुश्रींचे बोलणे कमी जाहले. आधी त्यांनी रागावणे सोडिले, मग मागणे सोडिले, मग पंत आले की तोंड भिंतीकडे करू लागल्या. पंतांनी वहीत लिहिले की, हल्ली नवी वाक्ये मिळत नाहीत. आणि जी मिळाली होती त्यांवरच उरलेली दोन प्रकरणे रात्रंदिवस खपून पुरी केली.

कार्तिकमासी पौर्णिमेस दरबार भरला. सात प्रकरणांचे व्याकरण रेशमी रुमालात बांधून महाराजांपुढे ठेविले, शास्त्र्यांनी वाखाणिले, शिक्का जाहला, मुखबंद सुटला. मग महाराज मसनदीवरून पुढे सरून म्हणाले की, आता सांगा. पंतांनी सांगितले की, मातुश्री आपली बहीण बिरली हिला बोलावतात. महाराजांनी त्याच पावली स्वार धाडिला आणि सोबत मेणा धाडिला आणि पंतांस शालजोडी दिली. पंत तसेच मातुश्रींच्या महाली गेले आणि उशाशी बसले आणि सात महिन्यांत प्रथमच डोंगरीत तोंड उघडून म्हणाले की, बिरली येत आहे. वाक्य बिनचूक होते. मातुश्रींनी डोळे उघडिले नाहीत. पंतांनी पुन्हा सांगितले, आणि पुन्हा सांगितले, परंतु ऐकिले की नाही ते कळावयास मार्ग नव्हता. सहाव्या दिवशी सूर्योदयास मातुश्री गेल्या, आणि नवव्या दिवशी मेणा आला.

बिरलीबाई मेण्यातून उतरल्या, काळ्यासावळ्या, ठेंगण्या, केस पांढरे, हातात बाभळीच्या लाकडाची फणी. स्वारास त्यांची भाषा येत नव्हती, त्याने मातुश्रींचे नाव घेऊन मेणा दाखविला तेवढ्यावर त्या निघाल्या होत्या, आणि मातुश्री गेल्याचे त्यासही ठाऊक नव्हते. महाराज अनवाणी सामोरे गेले, परंतु मावशीस काय बोलावे ते त्यांस येईना, म्हणून त्यांनी पंतांस पुढे केले. पंतांनी डोंगरीत सांगितले की, तुमची बहीण तीन दिवसांमागे वारली. तिने तुमची फार वाट पाहिली. बिरलीबाईंनी हातातली फणी कमरेस खोचिली. मग पंतांकडे पाहून म्हणाल्या, "तुम्ही आमची भाषा फार चांगली बोलता. कोणापाशी शिकलात?"

पंत म्हणाले, "तुमच्या बहिणीपाशी."

"म्हणजे ती बोलायची ते तुम्हाला समजत होते."

"होय."

"केव्हापासून?"

खोटे सांगता आले असते, पण पंतांच्या तोंडून खरेच निघाले. म्हणाले, "श्रावणापासून."

बिरलीबाईंनी बोटांवर महिने मोजिले, श्रावण, भाद्रपद, आश्विन, कार्तिक, आणि मोजून जाहल्यावर शांतपणे विचारिले, "ती तुमच्याशी बोलत होती, तेव्हा तुम्ही काय करीत होता?"

पंत म्हणाले, "लिहून घेत होतो."

महाराज बाजूस उभे होते, त्यांनी विचारिले की, पंत, मावशीसाहेब काय म्हणतात? सारी मंडळी पंतांच्या तोंडाकडे पाहू लागली. वीस वर्षांत ज्या दुभाष्याने एका शब्दाचा फेर केला नव्हता, त्याने खाली पाहून सांगितले, "मावशीसाहेब म्हणतात, मी त्यांची भाषा चांगली बोलतो."

महाराजांचे डोळे भरून आले. त्यांनी गळ्यातली कंठी काढून पंतांच्या गळ्यात घातली, आणि पंतांनी घालून घेतली. बिरलीबाई दोघांकडे पाहत राहिल्या.

ऐसे वर्तमान जाहले. बिरलीबाई दुसऱ्या दिवशी आपल्या मुलखास गेल्या, मग आल्या नाहीत. जिवोपंत पुढे सहा वर्षे दफ्तरी होते आणि कंठी घालून दरबारी येत, कारण राजाने दिलेली वस्तू उतरवून ठेविता येत नाही. त्यांनी एकदा अर्ज केला की, मुखबंदाचा कायदा मोडून टाकावा. महाराजांनी ममतेने कारण विचारिले, तेव्हा पंतांस कारण सांगवेना. म्हणून कायदा तसाच राहिला, अद्याप चालतो. पंत मोठे विद्वान होते, मनुष्य वाईट नव्हते. इति.