सुखी बाईचं फडकं

“धाकटीच्या ट्रंकेत एक जुनी साडी आहे. तीच कापू या. धाकटी काही बोलायची नाही. बोलते कुठे ती?”

मुलांनो, एका जंगलात मी नुकतीच लग्न होऊन आले होते, तेव्हा हे वाक्य बोललं गेलं. माझ्या कानावर पडावं म्हणून नव्हे. मी दाराआड लसूण सोलत होते. लसूण सोलताना आवाज होत नाही. म्हणून मला ते काम आवडतं.

पण गोष्ट थोडी आधी सुरू होते.

आम्ही साळिंदरं. साळिंदर म्हणजे अंगभर काटे. आता विचार करा. बाळ दूध प्यायलं की त्याला खांद्यावर घ्यायचं, पाठीवर थोपटायचं आणि ढेकर काढायचा. ढेकराबरोबर थोडं दूध बाहेर येतं. त्याला गुळणी म्हणतात. बाकीचे प्राणी खांद्यावर फडकं टाकतात ते गुळणीसाठी. आम्ही टाकतो ते बाळाचं नाक फुटू नये म्हणून.

तर माझ्या थोरल्या जाऊबाईंचे दिवस भरत आले होते. सासूबाईंनी ठरवलं, फडकी अशी आणायची की अख्ख्या जंगलाने बघत राहावं. सुगरण पक्षीण नमुन्यांचं गाठोडं घेऊन आली.

“हे मलमल. हे बांबूचं, एकदम नैसर्गिक. आणि उजव्या खांद्याचं वेगळं, डाव्याचं वेगळं.”

“का गं?” जाऊबाईंनी विचारलं.

“सध्या सगळ्या तसंच घेतात.”

या उत्तरापुढे आमच्या घरात कुणाचं काही चालत नाही. उजव्याची घेतली, डाव्याची घेतली. पाहुण्यांसाठी जरीच्या काठाची घेतली. आजेसासऱ्यांच्या खांद्यासाठीसुद्धा घेतली. ते जाऊन चार वर्षं झाली होती.

“असू दे,” सासूबाई म्हणाल्या. “फोटोवर घालता येईल. सुगरणी, खरं सांग, माझ्याइतकी सुखी बाई या जंगलात पाहिलीस कुठे?”

हे त्या दारात येणाऱ्या प्रत्येकाला विचारतात. एकदा रस्ता चुकलेल्या कासवालाही विचारलं होतं.

एवढी फडकी ठेवायची कुठे? कपाट जुन्या साड्यांनी आणि धोतरांनी गच्च भरलेलं. तेवढ्यात कोल्हीण बोहारणीची हाक आली. सासूबाईंनी सगळे जुने कपडे तिच्यापुढे ओतले. अंगावरची साडी तेवढी राहिली. बदल्यात स्टीलचा मोठा डबा मिळाला. फडकी ठेवायला.

मी बघत होते. मला कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

बाळ झालं. पाठोपाठ आत्याबाई आल्या. आत्याबाई म्हणजे सासूबाईंची नणंद. त्यांना प्रत्येक गोष्टीची रीत पाठ आहे. त्यांनी डबा उघडला, आत पाहिलं आणि झाकण आपटलं.

“वहिनी, बारशाआधी बाळाला नवं कापड? आपल्यात चालतं का हे? जुनं लागतं. धुऊन धुऊन मऊ झालेलं. आणि तेही सुखी बाईचं. जिचं कापड तिचा स्वभाव बाळात उतरतो.”

“वन्सं, जुनं तर सगळं…” सासूबाई डब्याकडे बघत राहिल्या. कोल्हीण केव्हाच नदीपार गेली होती.

बारसं अजून अकरा दिवसांवर. बाळाचा ढेकर अडलेला, पोट टम्म. जाऊबाईंनी न राहवून एकदा फडक्याशिवायच खांद्यावर घेतलं, तर नाकावर ओरखडा उठला. बाळ रडलं. जाऊबाई रडल्या. सासूबाई सुगरणीला शिव्या देत बसल्या.

आणि मग दाराआड मी ते वाक्य ऐकलं.

आता त्या साडीबद्दल. ती माझ्या आईची. आई माझ्या लग्नाआधी गेली. तिची एवढीच वस्तू मी सासरी आणली. तिला हसू आवरायचं नाही. साळिंदर खदखदून हसलं की काटे ताठ होतात, म्हणून सगळ्या साडीला बारीक बारीक भोकं. बहुतेक भोकं माझ्या आजीची, म्हणजे तिच्या सासूची, नक्कल करताना पडलेली. दुपारी झोपताना मी ती साडी तोंडावर घेते. भोकांतून ऊन येतं.

तिघी आल्या. सासूबाईंच्या हातात कात्री, जाऊबाईंच्या हातात बाळ, आत्याबाईंच्या तोंडात रीत.

“अगं धाकटे,” सासूबाई मधाळ आवाजात म्हणाल्या, “ट्रंकेत पडून काय उपयोग? घरच्या बाळाच्या कामी येईल.”

जाऊबाई माझ्याकडे बघेनात. बाळ मात्र बघत होतं. नाकावर ओरखडा घेऊन.

“एवढंच सांग,” आत्याबाई म्हणाल्या. “तुझी आई सुखी होती ना गं?”

मी लसूण खाली ठेवला.

“माझी आई? छे हो, आत्याबाई. जन्मभर रडली बिचारी. याच साडीला डोळे पुसायची. घ्या की, माझं काही नाही. फक्त बाळ उद्या रडकं निघालं तर माझ्या नावाने खडे फोडू नका. त्यापेक्षा सासूबाईंनी नेसलेली साडी बघा. किती धुतलेली, किती मऊ! आणि त्यांच्याइतकी सुखी बाई या जंगलात नाही, हे तर कासवालाही माहीत आहे. सासूबाई, कात्री इकडे द्या. तुम्ही नुसता पदर धरा.”

तात्पर्य : मुलांनो, खोटं कधीही बोलू नये. अगदीच बोलायचं झालं, तर आधी पाच-सहा महिने गप्प बसावं. मग कुणालाही शंका येत नाही.