मी गेलोच नव्हतो

दातांचे डॉक्टर बसस्थानकाच्या पार्किंगमध्ये शिरले, तेव्हा मागच्या सीटवरचं बाळ नुकतंच झोपलं होतं. नुकतंच म्हणजे दोन रात्री घरादाराला जागवून. बाळाला पहिला दात येत होता, आणि गावभरच्या दाढा हसत हसत उपटणाऱ्या डॉक्टरांना घरच्या या एका दातानं जेरीस आणलं होतं.

काम तसं साधं होतं. सासऱ्यांची बस येऊन लागली होती, त्यांना आतून घेऊन यायचं. सासरे अग्निशमन दलातले निवृत्त अधिकारी. त्यांच्याकडे फोन होता, पण स्वतःला कुणाशी बोलायचं असेल तेव्हाच ते तो चालू करत. "जन्मभर लोकांनी बोलावलं की धावत गेलो, आता पुरे," असं त्यांचं म्हणणं. शिवाय न्यायला माणूस आल्याशिवाय ते बाकावरून उठत नसत. म्हणजे आत जाणं आलं.

स्थानकाचं दार समोरच दिसत होतं. गेलो, हाक मारली, आलो. एवढ्यासाठी बाळाला कशाला उचलायचं? गाडीत थंड हवा चालू होती, बाळ घोरत होतं. डॉक्टरांनी दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला, पुन्हा आत घेतला आणि बायकोला फोन लावला. बायको वकील होती.

"ऐक ना, समज, एखाद्या माणसानं बाळाला मिनिटभर गाडीत ठेवून—"

"कुठल्या माणसानं?"

"अगं, समज म्हटलं."

"समजले. त्या माणसाला सांग, जागचा हलू नकोस. तुझं मिनिट मला ठाऊक आहे. वाटेत कुणीतरी भेटतं, 'आ' करून दाढ दाखवतं, आणि तू रस्त्यातच वाकून बघत बसतोस."

"मग उचलून नेऊ?"

"ने की. उठला तर आजची रात्र तुझी."

डॉक्टरांनी बाळाच्या पट्ट्याला हात लावला. बाळाचा खालचा ओठ थरथरला. डॉक्टरांनी हात काढला. ओठ जागेवर आला. पुन्हा हात लावण्याची काही त्यांची छाती झाली नाही.

इतक्यात भिंतीवर रंगवलेला चौकशी खिडकीचा नंबर दिसला आणि त्यांना हायसं वाटलं. त्यांनी फोन लावला. पलीकडे बाई होत्या आणि त्यांच्या मागे दोन-तीन बसगाड्या एकदम गुरगुरत होत्या.

"मी पार्किंगमधून बोलतोय, राखाडी गाडी. माझे सासरे आत बसलेत. उंच आहेत, पांढऱ्या मिशा. त्यांना जरा बाहेर पाठवता का? मी उतरलो तर गाडीत बाळ एकटं राहील."

"ऐकू येत नाही! मोठ्यानं बोला!"

मोठ्यानं बोलणं शक्यच नव्हतं. डॉक्टर होते तेवढे प्राण कंठाशी आणून कुजबुजले, "बाळ... गाडीत... एकटं..."

"अगं बाई गं!" असं म्हणून पलीकडून फोन आपटला गेला.

पाठोपाठ स्थानकाचा कर्णा कडाडला. "प्रवाशांनी लक्ष द्या! पार्किंगमध्ये राखाडी गाडीत एक तान्हं बाळ एकटं आहे! बापाचा पत्ता नाही!"

डॉक्टर चपापले. 'कोण हा नालायक?' असं म्हणत त्यांनी आजूबाजूला पाहिलं. दुसरी राखाडी गाडी कुठेच नव्हती. त्यांच्या डोक्यात प्रकाश पडतोय न पडतोय, तोच मांडीवरची दुधाची बाटली घरंगळून सीटखाली गेली. ती काढायला ते खाली वाकले आणि नेमके तेव्हाच लोक येऊन धडकले.

"ही बघा! ही गाडी!"

"पोर पडलंय बिचारं, आणि पुढं कुणी नाही!"

"मेल्याला काही काळीज?"

"बाजूला व्हा! सगळे मागे व्हा!" गर्दीमागून एक दणदणीत आवाज आला. "हे माझं काम आहे. काच फोडावी लागेल. कुणाकडे छत्री आहे?"

तो आवाज ऐकून डॉक्टर ताडकन उठले. डोकं स्टिअरिंगला आपटलं आणि हॉर्न वाजला.

"आला! आला बघा बाप!"

"मी आलो नाही," डॉक्टर काच खाली करत म्हणाले. "मी गेलोच नव्हतो."

"गेला नव्हतास तर आलास कुठून?" एका कंडक्टरनं बिनतोड सवाल केला.

"मी खाली होतो. बाटलीसाठी."

"बाटलीसाठी!" गर्दी हळहळली. "पोराला टाकून बाटलीसाठी!"

तेवढ्यात लोकांना दोन्ही हातांनी बाजूला सारत पांढऱ्या मिशा पुढे आल्या. हातात कुणाची तरी छत्री होती. उन्हानं डोळे बारीक करून सासऱ्यांनी भाषण सुरू केलं, "लाज वाटली पाहिजे! आम्ही आगीत उड्या मारून दुसऱ्यांची पोरं काढली, आणि तुम्हाला स्वतःचं एक..."

"बाबा," डॉक्टर म्हणाले, "नमस्कार."

सासऱ्यांनी आधी जावयाकडे पाहिलं, मग मागच्या सीटवर. छत्री हळूहळू खाली आली.

"तुमच्या ओळखीचा आहे का हा?" कंडक्टरनं विचारलं.

"पाहिल्यासारखा वाटतो," सासरे म्हणाले.

पण डॉक्टरांनी "बाबा, हळू बोला, तुमचा नातू झोपलाय," असं म्हटल्यावर लपवण्यासारखं काही उरलं नाही. मग डॉक्टरांनी सगळी हकिकत सांगितली, अर्थात कुजबुजत, त्यामुळे ती निम्म्याच लोकांना कळली. उरलेले निम्मे "पुन्हा असं करू नका" असा दम देऊन परतले. बाळ या सगळ्यात एकदाच कूस बदलून घोरत पडलं होतं.

सासरे पुढच्या सीटवर बसले.

"तुम्ही त्याला सोडून गेला नाहीत, हे बरं केलंत," ते म्हणाले. "कुठलीही गोष्ट बेवारस टाकून जाणं वाईटच."

"हो ना," डॉक्टर म्हणाले. "बाबा, तुमची बॅग?"

सासऱ्यांनी पायाशी पाहिलं. मग मांडीवर पाहिलं. तिथे कुणा परक्या माणसाची छत्री होती.

कर्णा पुन्हा कडाडला. "प्रवाशांनी लक्ष द्या! बाकावर एक बेवारस बॅग सापडली आहे! कुणीही हात लावू नये! असली बेजबाबदार माणसं..."

समोरून मघाचीच गर्दी आता उलट्या दिशेनं, स्थानकात धावताना दिसली. सबंध शहराच्या आगी विझवलेल्या माणसाचा चेहरा पांढराफटक पडला.

"मी बसतो बाळाजवळ, तुम्ही जाऊन घेऊन या," डॉक्टर म्हणाले.

सासऱ्यांनी मिशीवरून हात फिरवला. जावयाच्या खांद्यावर हात ठेवला. लग्नाला पाच वर्षं झाली होती, आणि हा हात खांद्यावर पहिल्यांदाच येत होता.

"बाळाजवळ मी बसतो, जावईबापू," ते अगदी मायेनं म्हणाले. "तुम्ही जा, आणि बॅग तुमचीच म्हणून सांगा. तुमची अब्रू तशीही गेलेलीच आहे. दोघांची कशाला घालवायची?"