एका बटणाची तकलीफ

आमच्या शेजारच्या युसूफचाचांना कधीही फोन लावा, ते ‘हॅलो’ म्हणत नाहीत. “बोला, तकलीफ काय हाय?” म्हणतात. ईदच्या दिवशी परभणीहून लेकीनं फोन केला तरी हेच. ती बिचारी म्हणते, “अब्बा, तकलीफ कुछ नहीं.” त्यावर चाचांचा आवाजच उतरतो. “अच्छा. कुछ नहीं?”

आखाडा बाळापुरात रस्त्याला लागून त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे आणि त्याच्या भिंतीला भिंत लावून माझं घर. मी अंगणवाडीत आहे. दिवसभर लेकरांचा कालवा ऐकून घरी येऊन टेकावं, तर भिंतीपलीकडून हाक येते, “बाई, जरा येऊन राहिल्या का?”

हल्ली रेडिओ दुरुस्तीला आणतो कोण? चाची वारल्यापासून तर त्या दुकानात कुणी फिरकेना. चाचा सकाळी शटर वर करायचे, स्टुलावर बसायचे आणि संध्याकाळी खाली ओढायचे. मला बघवेना, म्हणून मी त्यांच्या फोनवर जुन्या वस्तूंच्या लिलावाचं ॲप टाकून दिलं. भंगारवाल्याकडून लाकडी पेटीचे जुने रेडिओ आणायचे, बोलते करायचे आणि लिलावात ठेवायचे. चाचा त्याला हर्रास म्हणतात, मोंढ्याच्या बाजारात हळदीचा होतो तसा. टायपिंग अर्थातच माझ्याकडं.

आणि गिऱ्हाइकं तरी कशी, एकेक नग. कोल्हापूरच्या एकानं रेडिओचे सगळ्या बाजूंनी फोटो मागवले, बुडाचासुद्धा मागवला, आणि मग विचारलं, आतून वास कसा येतो? मी म्हटलं, चाचा, सोडा याला. तर चाचा म्हणाले, “न्हाई बाई, विचारणं बराबर हाय. तुमीच घ्या वास, मला सर्दी हाय.” मी त्या पेटीत नाक घातलं आणि ‘जुन्या लाकडाचा, थोडा उंदरांचा’ असं लिहून पाठवलं. त्यानं घेतला नाही ते सांगायलाच नको.

दुसऱ्या एकानं बोली चढवत चढवत नेली, रेडिओ त्याच्या नावावर सुटला आणि मग म्हणतो कसा, बायको नको म्हणते. चाचा म्हणाले, फोन त्यांना द्या. त्या बाईशी ते इतका वेळ बोलले की माझी भाजी करपली. शेवटी नवऱ्याला म्हणाले, “नका घेऊ साहेब. घरात ठेवायला जागा न्हाई, वरून सासूचं आजारपण. त्यांचं बराबर हाय.”

पण खरी तकलीफ बटणांची. गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचलेल्या प्रत्येक रेडिओचं एक बटण गायब असायचं. कधी आवाजाचं, कधी स्टेशन लावायचं. साताऱ्याच्या एका निवृत्त हेडमास्तरांचा फोन आला तेव्हा मी तिथंच होते. “ही शुद्ध फसवणूक आहे,” हेडमास्तर कडाडले. चाचा शांतपणे म्हणाले, “माफी असावी गुरुजी, बटण इकडंच ऱ्हायलं. आजच टाकतो पोस्टात. तुमाला दम लागून राहिला का? आधी पाणी प्या.” ते बटण पोहोचलं, तर भलत्याच रेडिओचं. गुरुजी पुन्हा कडाडले. बरोबर बटण पोहोचेपर्यंत दोघांचं रोजचं बोलणं सुरू झालं होतं. गुरुजींचे गुडघे, गुरुजींची एकट्याची स्वयंपाकाची खटपट, सगळं भिंतीतून माझ्यापर्यंत यायचं. बटण मिळाल्यावरही गुरुजी खरखरीची तक्रार घेऊन फोन करतच राहिले.

मग ॲपवाल्यांचा इशारा आला. आणखी एक तक्रार आली तर खातं बंद. मी तो वाचून दाखवला. चहा टाकावा म्हणून मी साखरेचा समजून एक डबा उघडला. आत बटणंच बटणं. धुऊन पुसून ठेवलेली.

माझं डोकंच फिरलं. “चाचा, हे काय? मुद्दाम काढून ठेवता तुमी?”

“बटण दिलं असतं,” चाचा खाली बघत म्हणाले, “तर त्यांनी फोन काहून केला असता?”

तेव्हा मला आठवलं, हे तर त्यांचं जुनंच. दुकान चालायचं तेव्हाही दुरुस्त झालेल्या रेडिओचं काहीतरी बारीकसं मागं ठेवून घ्यायचे. “एक चक्कर अजून मारा,” म्हणायचे. त्या दुसऱ्या चकरेला चाची आतून चहा पाठवायची. माणसं बटण न्यायला यायची आणि तासभर बसायची. बाळापुरात कुणी कधी त्याबद्दल भांडलं नाही.

“हे बाळापूर नव्हे,” मी म्हटलं. त्यांनी कबूल केलं. पुढचे रेडिओ मी स्वतः बटणं तपासून बांधले. गिऱ्हाइकांनी पूर्ण तारे दिले आणि एकानंही फोन केला नाही. गुरुजींचा एक फोन सोडला, तर चाचा दिवसभर फोन मांडीवर घेऊन नुसते बसायचे. मधेच मला म्हणायचे, “बाई, बघा बरं, फोन बिघडला की काय.” मी माझ्या फोनवरून लावून बघायची. वाजायचा.

नागपूरला जायच्या रेडिओच्या वेळी मी माहेरी गेले होते. चाचांनी खोकं स्वतःच बांधलं. तो नागपूरवाला चिडला नाही, भांडला नाही, फोनसुद्धा केला नाही. त्यानं फक्त तक्रारीचं बटण दाबलं. दुसऱ्या दिवशी खातं बंद.

सगळे फोन त्या ॲपमधूनच यायचे, कुणाचाही खरा नंबर दिसायचा नाही. म्हणजे गुरुजीही गेले. चाचांनी मला एवढंच विचारलं, “गुरुजींना वाटंल का, म्हातारा मेला म्हणून?” गुरुजींना पत्र टाकू म्हटलं, तर पाकिटावरचा पत्ताही ते ॲपच छापून द्यायचं, आम्ही तो कधी उतरवून घेतला नव्हता. मला त्या दिवशी रात्रभर वाईट वाटत राहिलं.

आठवडाभर शटर उघडलं नाही. मग मी माझी चांगली चालू इस्त्री घेऊन त्यांचं दार वाजवलं आणि म्हटलं, तापत नाही. चाचांनी ती उलटीपालटी करून पाहिली, माझ्याकडं पाहिलं आणि ठेवून घेतली. इस्त्री परत आली, तर तिचं गरम-थंड करायचं बटण नव्हतं.

तेव्हापासून रोज अंगणवाडी सुटली की मी आधी तिथं जाते. तिथं नीट भांडावं लागतं. नुसतं गोड बोललं तर त्यांना संशय येतो. “चाचा, कपडे चुरगळलेले घालून जाऊ का मी? कधी सापडणार माझं बटण?”

“तलाश चालू हाय बाई,” चाचा म्हणतात आणि तो डबा पायानं हळूच मागं सारतात. “बसा. चहा टाकतो.”