सत्तावीस नंबरचा पॉवर सप्लाय

चष्मेवाल्या काकांच्या रेडिओला घरात एक वीत जागा मिळाली होती. काकूंनी ती स्वतःच्या हाताने मोजून दिली होती, खिडकीजवळच्या फळीवर, फुलदाणी आणि भिंत यांच्यामध्ये. "या वितीत काय बसवायचं ते बसवा. बाहेर एक जरी वायर लोंबली, तर कात्री घेऊन येईन," असं त्यांनी बजावलं होतं. काकू बोलल्याप्रमाणे वागतात, हे लग्नाच्या एकतिसाव्या वर्षी काकांना कुणी वेगळं सांगायला नको होतं.

हा रेडिओ गाणी ऐकायचा नव्हे हं. हा बोलायचा. बटण दाबून आपण बोलायचं, सोडून दुसऱ्याचं ऐकायचं. बावीस वर्षं तो काकांच्या गाडीत होता. पण गेल्या वर्षी लायसन्स पुन्हा काढायला गेले आणि काका डोळ्यांच्या तपासणीत साफ नापास झाले. अख्ख्या वस्तीला चष्मे लावणारा माणूस, आणि स्वतः पहिल्या ओळीच्या पुढे सरकेना! गाडी विकावी लागली. रेडिओ तेवढा काकांनी स्क्रू काढून, छातीशी धरून घरी आणला.

आता गाडीतल्या रेडिओला घरात वीज कुठली द्यायची? भिंतीतल्या प्लगला थेट जोडला, तर नुसता धूर निघणार. मध्ये पॉवर सप्लाय हवा. दुकानदाराने दोन विटांएवढं धूड काउंटरवर ठेवलं.

"पंचवीस अँपिअर. डोळे झाकून घ्या, काका."

"अहो, हा वितीत कसा मावणार? तो छोटा द्या."

"तो दोनचा आहे. ऐकायला एक अँपिअर पुरतो, पण बोलायला वीस लागतात."

"मी काही फार बोलत नाही," असं म्हणून काका छोटा सप्लाय खिशात टाकून घरी आले.

दर रविवारी पावणेनऊला रेडिओवरच्या हौशी मंडळींची हजेरी व्हायची. ती घ्यायच्या एक बाई, पेशाने दातांच्या डॉक्टर. त्यांचा आवाज ऐकूनच माणूस आ करायचा. प्रत्येकाला एक नंबर होता. काकांचा सत्तावीस, बावीस वर्षांपासूनचा. दुकानात कुणी नाव विचारलं तरी काकांच्या तोंडून आधी सत्तावीसच यायचं. नियम असा, की ओळीने तीन रविवार गैरहजर राहिलं की नंबर जायचा दुसऱ्याला.

पहिल्या रविवारी सगळ्यांचे आवाज खणखणीत आले. "सत्तावीस?" बाईंनी पुकारलं. काकांनी बटण दाबलं आणि रेडिओने डोळेच मिटले. बटण सोडलं की जिवंत, दाबलं की मेला.

"म्हणजे नुसतं ऐकायचं, बोलायचं नाही?" काकू म्हणाल्या. "मग छानच आहे की. राहू दे असाच."

दुसऱ्या रविवारी काकांनी तसले दोन सप्लाय एकमेकांना जोडले. त्यातून फक्त वास निघाला आणि घराचा फ्यूज उडाला. काकूंची इस्त्री साडीच्या काठापाशी थंड पडली. त्यानंतर दोन दिवस त्या जे काही बोलल्या, ते वीस अँपिअरच्या खालचं नव्हतं.

तिसरा रविवार उजाडला. काकांचा जीव टांगणीला. काकू नेहमीपेक्षा जरा लवकरच "बहिणीकडे जाऊन येते," म्हणून बाहेर पडल्या. काकांनी खिडकीतून खाली पाहिलं, तर बरोबर खाली ड्रायव्हिंग मास्तरांची शिकवणीची गाडी उभी. गाडी म्हणजे बॅटरी! काका जिना उतरून धावले.

"मास्तर, थोडा वेळ बॅटरी वापरू द्या हो. माझ्या नंबरचा प्रश्न आहे."

"नऊला शिकवणी आहे माझी. त्याच्या आत उरका," मास्तर म्हणाले. त्यांनी स्वतः बॅटरीला चिमटे लावून दिले, वायरवर बॉनेट अलगद टेकवलं आणि किल्ली गाडीतच ठेवून कोपऱ्यावर चहा प्यायला गेले.

वायर पहिल्या मजल्यापर्यंत पोचली खरी, पण ती होती पातळ आणि लांबलचक. वीज वर येईपर्यंत अर्धी वाटेतच दमत होती. काकांनी बटण दाबून पाहिलं, तर रेडिओने पुन्हा डोळे मिटले.

"पंचवीस?" बाईंचा आवाज. "हजर." "सव्वीस?" "हजर, बाई."

आणि तेवढ्यात खाली गाडी चालू झाली! इंजिन फिरलं तशी वीज वाढली, बटण दाबल्यावर लाल दिवा लागला. बावीस वर्षांचा ओळखीचा दिवा! काकांना अक्षरशः रडू फुटायचं बाकी राहिलं.

काकांनी तोंड उघडलं आणि खाली गाडी आचका देऊन बंद पडली. दिवा गेला. "सत्तावीस ह—" काका तसेच ओरडले, तेवढ्यात पुन्हा किल्ली फिरली, दिवा लागला. "—जर!" ही शेवटची दोन अक्षरं गेली, पण एकटीच गेली, आणि पुन्हा आचका.

"मध्येच कोण जर जर करतंय?" बाई कडाडल्या.

काकांनी खाली डोकावलं. मास्तर कोपऱ्यावर फुंकर मारत चहा पीत होते. गाडीत मात्र तोंडाला स्कार्फ बांधलेली, काळा चष्मा लावलेली कुणी शिकाऊ बाई होती. "अहो बाई! थांबा! वायर आहे!" काका ओरडले. बाईने दचकून वर पाहिलं, "अगं बाई!" म्हणाली आणि घाबरून गाडी दामटली ती थेट पुढे.

वायर ताणली गेली. रेडिओ फळीवरून निघाला, फुलदाणीला सोबत घेऊन खिडकीकडे धावला. काकांनी त्याला मिठी मारली. अर्धे काका घरात, अर्धे बाहेर, आणि बटणावर अंगठा गच्च. "ब्रेक! अहो, ब्रेक! मधला! मधला दाबा!" हे सगळं हजेरीच्या चाळीस घरांत खणखणीत ऐकू गेलं.

गाडी एकदाची थांबली. बाई खाली उतरली. स्कार्फ सुटला होता.

"तू?" काका म्हणाले. "अगं, तू तर बहिणीकडे..."

"कुठली बहीण?" काकू खालून म्हणाल्या. "दोन महिने शिकतेय. आज लवकर निघाले, मागच्या गल्लीत गाडीची वाट बघून कंटाळले, म्हणून इथेच आले; किल्ली दिसली, म्हटलं सुरू करून बघावी. लायसन्स गेल्यापासून तुम्ही तोंड पाडून बसता, ते बघवत नाही मला. म्हटलं, मीच चालवीन. तुम्ही शेजारी बसून बोला काय बोलायचं ते."

काका खिडकीत तसेच लोंबकळत राहिले. त्यांना एकदम इतकं बरं वाटलं, की फुटलेली फुलदाणी लग्नातली होती हेही ते विसरले.

"सत्तावीस!" रेडिओ खरखरला. "काय ब्रेक ब्रेक चाललंय? हजर आहात की नाही?"

"अगं, इंजिन चालू कर! पटकन!"

काकूंनी आत बसून किल्ली फिरवली. दिवा लागला.

"सत्तावीस हजर, बाई!"

"लावली हजेरी. आवाज सुरेख येतोय. पॉवर सप्लाय कुठला घेतलात?"

काकांनी खाली पाहिलं. "घरचाच आहे, बाई. अजून शिकाऊ आहे, पण..."

दिवा गेला. खाली काकू गाडीबाहेर उभ्या होत्या आणि किल्ली त्यांच्या हातात होती.

"पण काय?" काकूंनी विचारलं.

"पण भरवशाचा," काका म्हणाले.

काकूंनी घटकाभर विचार केला, आत बसल्या आणि किल्ली फिरवली.