डाखोरे काकांचं वेगळं राज्य

मी अमेरिकेची नागरिक झाले ती डाखोरे काकांमुळे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सांगताना धीर राहील की नाही, माहीत नाही.

चहात साखर कमी पडली तर काका साखर मागत नाहीत. "साखरेचा अनुशेष आहे," म्हणतात. बस चुकली की बसचा अनुशेष. हक्काचं जे जे मिळायचं राहिलं, ते सगळं अनुशेषात. वणीच्या कोळसा खाणीत ते सर्व्हेअर होते. काकू गेल्यावर डॉक्टर मुलीनं त्यांना इथं वेस्ट व्हर्जिनियात आणलं. जन्मभर वेगळा विदर्भ मागणारा माणूस, आणि उतरला नेमका अशा राज्यात, जे यादवी युद्धात व्हर्जिनियातून फुटून वेगळं झालं! काकांना घबाडच मिळालं.

"हे डोंगरातले लोक निघाले की नाही वेगळे? आपण अजून निवेदनंच देऊन राहिलो!"

दिवाणखान्याच्या भिंतीवर राज्याचा भलामोठा नकाशा. येईल त्याला त्यापुढे उभं करायचं. "कोळसा यांचा, उजेड दुसऱ्याच्या घरी. ओळखीचं वाटते का नाही?" मी सांगलीकडची, म्हणून मला वर टोमणा, "तुले काय वाटन म्हणा! तुम्ही तर पाणी पळवणारे."

मी आठवीत शाळा सोडलेली. इथं हॉटेलात चपात्या लाटते. नागरिकत्वाच्या मुलाखतीत इतिहास आणि कारभार विचारतात हे कळल्यावर जेवण जाईना. इथल्या मराठी मंडळातल्या इंजिनियर बायकांना विचारायची लाज. काका म्हणाले, "दुपारी येत जा. मी शिकवतो."

चार महिने गेले. राज्यातल्या नद्या, खाणी, पंचावन्न काउंट्या, म्हणजे इथले जिल्हे.

"राजधानी?"

"चार्ल्सटन."

"तिच्या आधी?"

"व्हीलिंग. मग कधी इकडे, कधी तिकडे. दप्तरं बोटीत घालून न्यायचे."

"आपल्या नागपूरच्या अधिवेशनावानी!" आणि टाळी.

मुलाखतीत राज्यावर एकच प्रश्न आला, राजधानीचा. मी बोटीसकट सांगितलं. साहेब हसले. बाकी सगळे प्रश्न देशाचे, संविधानाचे. त्यातलं काकांनी काहीच शिकवलं नव्हतं. नापास. त्या अर्जावर आणखी एकच संधी मिळणार होती.

तशीच काकांकडे गेले. मुलीकडे दवाखान्यातले दोघं मराठी डॉक्टर जेवायला आलेले. काकांनी दारातच विचारलं, "व्हीलिंग विचारलं का?"

सगळ्यांदेखत मी म्हटलं, "तुमचं ऐकायला घरात कुणी नाही, म्हणून माझी परीक्षा बुडवलीत होय?"

काका चष्मा पुसत राहिले. "खरं आहे पोरी," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दुपारी पाय उचलत नव्हता. तरी गेले, गरज माझी होती. भिंतीवर नकाशा नव्हता. तिथं सगळ्या प्रश्नांची यादी चिकटवलेली. इंग्रजी उत्तरं, पण मराठी अक्षरांत, मला खुर्चीतून वाचता येतील एवढी मोठी. काकांची बोटं शाईनं निळी झालेली.

त्यानंतर त्यांनी राज्याचा विषय काढला नाही. एकदा मीच लाडीगोडी लावत विचारलं, "काका, चार्ल्सटनच्या आधी कोणती हो?"

"ते परीक्षेत येत नाही," म्हणाले, आणि पुढचा प्रश्न विचारला.

मी पास झाले. पेढे घेऊन गेले तेव्हा काकांचा डोळा लागला होता. मुलीला सहज विचारलं, "काकांनी चार्ल्सटन कितीदा पाहिलं?"

ती खाली बघत म्हणाली, "एकदाही नाही गं. दर वीकेंडला ठरतं, आणि मीच कॅन्सल करते."

मी माफी अजून मागितलेली नाही. शब्द तोंडाशी येतात आणि मी काकांना चहा हवा का ते विचारते. हल्ली नवऱ्याच्या जुन्या गाडीवर ड्रायव्हिंग शिकते आहे. घाटातल्या वळणांवर ब्रेकवरचा पाय अजून निघत नाही. पण लायसन्स मिळू दे. एक दिवस काकांना शेजारी बसवून चार्ल्सटनला नेईन, तिथल्या विधानभवनाच्या सोनेरी घुमटाखाली उभं करीन, आणि ते बोलतील तितकं ऐकेन. घरी परतायची घाई करणार नाही.