गॅलनला बावीस मैल

शनिवारी सकाळी सात वाजता लेलंड श्मिटने आपल्या एक्याण्णव वर्षांच्या आईला पिकअपमधून खाली उतरवलं, कारण तिचं वजन एकशे बेचाळीस पौंड होतं.

दर शनिवारी अल्माबाई मुलाशेजारी बसून शेहेचाळीस मैलांवरच्या वेल्डनला केस सेट करायला जायच्या. तीस वर्षांत हा नेम एकदाही चुकला नव्हता. गारपीट झाली, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, पण अल्माबाईंचे केस शनिवारी साडेआठला पार्लरवाल्या जोलीनच्या खुर्चीत असायचे म्हणजे असायचे. आजही त्या पर्स मांडीवर घेऊन, पट्टा लावून बसल्या होत्या.

"म्हणजे मी ओझं झाले तुला?" त्यांनी विचारलं.

"तसं नाही गं आई. फक्त आजचा दिवस. पैज आहे."

"नऊ महिने तुला पोटात घेऊन गहू कापला मी. तेव्हा नाही अ‍ॅव्हरेज मोजलं!"

लेलंडने आईचा हात धरून तिला पडवीतल्या खुर्चीवर बसवलं आणि तिची पर्सही आठवणीने खाली उतरवली. पर्सचं वजन वेगळं होतं.

पैजेची गोष्ट अशी. आमच्या हॅमंड क्रीकमध्ये मर्लच्या पेट्रोल पंपावर एक कॉफीचं टेबल आहे. कॅन्ससमधल्या गावागावांत असतं तसंच. त्या टेबलावर तीन गोष्टींची उलटतपासणी करायची नाही असा अलिखित कायदा आहे: पकडलेला मासा, एकरी गहू आणि पिकअपचं अ‍ॅव्हरेज. तिथे बसणाऱ्या एकाही माणसाची गाडी गॅलनला वीसच्या खाली देत नाही. लेलंडची तर बावीस द्यायची. आठ सिलिंडरचं धूड, पण बावीस! चार वर्षं तो हे सांगत होता आणि चार वर्षं सगळे माना डोलवत होते, कारण पुढची पाळी त्यांची असायची.

गेल्या मंगळवारी त्याची बायको डार्लीन दूध घ्यायला पंपावरच्या दुकानात आली आणि नेमकं तेच तिच्या कानावर पडलं.

"बावीस?" ती म्हणाली. "पडदा म्हणतो की पंप म्हणतो?"

टेबलावरचे सगळे आपापल्या कपात बघू लागले. गाडीतल्या पडद्यावर आकडा येतो तो एक, आणि टाकी भरून कागदावर भागाकार केला की निघतो तो दुसरा, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. पण असं चारचौघांत बोलायचं?

"पंपच म्हणतो," लेलंड छाती काढून म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता बिचारा.

"बरं. मग पंपावर बावीस सोड, वीस काढून दाखव. निघाले तर मी तुझ्या गाडीबद्दल जन्मात चकार शब्द काढणार नाही. नाही निघाले तर वर्षभर पिकअप मी चालवणार आणि तू माझी गाडी."

डार्लीनची गाडी म्हणजे पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी पिस्ता रंगाची डबी. सहा फूट तीन इंचांचा लेलंड तिच्यात बसला की गुडघे हनुवटीला लागत. त्या डबीतून रोज सकाळी या टेबलावर यायचं, वर्षभर! या कल्पनेनेच लेलंडला घाम फुटला. पण सात माणसांसमोर नाही म्हणणं त्याहून वाईट होतं.

मर्लने नियम ठरवले. दोन नंबरच्या पंपावर नळी खट् करून बंद पडेपर्यंत टाकी भरायची, वेल्डनला जाऊन यायचं आणि त्याच पंपावर पुन्हा खट् होईपर्यंत भरायची. दोन भरण्यांच्या मध्ये जे चाललं ते सगळं हिशेबात. लबाडी होऊ नये म्हणून डार्लीन मागून येणार.

लेलंडने चार दिवस तयारी केली. हत्यारांची पेटी काढली, स्टेपनी काढली, चर्चच्या घडीच्या खुर्च्या उतरवल्या. वारा अडू नये म्हणून हौद्यावर काळी ताडपत्री ढोलासारखी ताणून बांधली. काळी पिकअप मेण लावून इतकी घासली की माशी बसली तर घसरावी. शेवटी राहिली ती आई, तीही उतरवली.

बाहेर सकाळीच फॅरनहाइटमध्ये नव्वद डिग्री ऊन होतं. एसी लावला तर पेट्रोल जातं आणि काच उघडली तर वारा भरतो. म्हणून दोन्ही बंद. पासष्टची वेगमर्यादा असलेल्या रस्त्यावर लेलंड ताशी पंचेचाळीस मैलांनी निघाला. दहा मैलांत त्याचा शर्ट भिजला, वीस मैलांत घाम डोळ्यांत उतरला. एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने तो पांढऱ्या रुमालाने सारखे डोळे टिपत होता. मागून डबीत डार्लीन, चेहरा गंभीर, नजर त्याच्या गाडीवर खिळलेली.

वेल्डनच्या मुख्य रस्त्यावर जोलीन आपल्या दुकानाच्या दारात उभी राहून अल्माबाईंची वाट बघत होती. साडेआठ वाजून गेले होते. आणि तिच्यासमोरून लेलंडची पिकअप गेली. हळूहळू, न थांबता. शेजारची सीट रिकामी. लेलंड डोळे पुसतोय. हौद्यावर काळं कापड. मागे सून.

जोलीनला एकदम आठवलं. अल्माबाईंनी ईस्टरला भर चर्चमध्ये बजावलं होतं, "मी गेले की शववाहिका-बिववाहिका नको. लेलंडच्या पिकअपमधून न्या. चांगलं अ‍ॅव्हरेज देते म्हणे."

जोलीनने कात्री खाली ठेवली आणि फोन उचलला.

परतीच्या वाटेवर पहिला थांबला तो समोरून येणारा धान्याचा ट्रक. तो रस्त्याच्या कडेला घेऊन ड्रायव्हरने टोपी काढली आणि छातीशी धरली. लेलंडने आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून त्याला नमस्कार केला. मग एक ट्रॅक्टर थांबला. मग दोन पिकअप. मग एक म्हातारं जोडपं चक्क गाडीतून उतरून, माना खाली घालून उभं राहिलं.

"च्यायला," लेलंड स्वतःशी म्हणाला, "पैजेची बातमी पार वेल्डनपर्यंत गेली की!"

त्याला भरून आलं. इंधन वाचवणाऱ्या माणसाची कदर करणारी माणसं अजून जगात आहेत तर! त्याने पुन्हा डोळे पुसले. या वेळी त्यात थोडं खरं पाणी होतं.

मागे डार्लीनचा जीव मात्र शरमेने अर्धा झाला होता. आरशात बघावं तर मागे गाड्यांची ही लांबलचक रांग. नवऱ्यापायी सगळ्यांचा खोळंबा झालाय, असं वाटून तिने दिलगिरी म्हणून चारही इंडिकेटर चालू केले. लगेच मागच्याने केले. मग त्याच्या मागच्याने. बघता बघता मैलभर रांग लुकलुकायला लागली. त्या रांगेत सातवा मी होतो. पुढचा दिवे लावतो म्हटल्यावर मीही लावले; आमच्याकडे अंत्ययात्रा अशीच दिवे लावून निघते, आणि समोरून येणारा थांबून टोपी काढतो.

तेवढ्यात शेरीफचा हवालदार रांगेच्या कडेने पुढे गेला आणि चौकात गाडी आडवी लावून त्याने दोन्ही बाजूंची वाहतूक रोखली. लेलंडला हात करून त्याने न थांबता पुढे जायला सांगितलं.

पिकअप थांबवून पुन्हा पळवायला किती पेट्रोल लागतं, हे लेलंडला चांगलं ठाऊक होतं. पडद्यावर तेवीस पॉइंट एक झळकत होतं. लेलंडने हवालदाराला सलाम ठोकला. हवालदाराला गलबलून आलं.

दहाच्या सुमारास लेलंड विजयी मुद्रेने मर्लच्या पंपावर वळला. पंप बंद होता. दाराला कुलूप, आणि काचेवर मर्लच्या अक्षरात कागद: 'अल्माबाईंच्या घरी गेलोय. आज उघडणार नाही.'

"आईला काय झालं?" लेलंड ओरडला आणि पंचेचाळीस विसरून घराकडे सुटला. मागोमाग डार्लीन. मागोमाग आम्ही सगळे.

घराच्या अंगणात मर्ल, पाद्रीबुवा आणि गावातली निम्मी माणसं टोप्या हातात घेऊन उभी होती. पडवीत अल्माबाई खुर्चीवर बसल्या होत्या. जोलीनकडे जायला मिळालं नाही म्हणून त्यांनी स्वतःच डोक्याला गुलाबी रोलर लावून घेतले होते, आणि त्या आलेल्यांकडे एकेक करून बघत होत्या.

"कोण गेलं रे?" त्यांनी विचारलं.

पाद्रीबुवांनी हातातलं पुस्तक पाठीमागे लपवलं.

"बुवा, तुम्ही तरी बोला. आणि ही मागे एवढी रांग कसली?"

"अल्माबाई," पाद्रीबुवा घसा खाकरून म्हणाले, "आमची अशी समजूत झाली की... म्हणजे... तुम्ही."

अल्माबाईंनी क्षणभर विचार केला. "मी? मग हॅम आणलंय का कोणी?"

आणलं होतं. आमच्याकडे प्रत्येक बाईच्या फ्रीझरमध्ये अशा प्रसंगासाठी एक भांडं तयारच असतं. जोलीनचा फोन आल्यापासून दीड तासात सगळ्या गावच्या भट्ट्या पेटल्या होत्या. चीज घातलेले बटाटे पाच घरचे, दोन हॅम, हिरव्या जेलीचं सॅलड तीन घरचं, केक चार घरचे. एकूण चौदा भांडी, बायकांनी नवऱ्यांच्या हाती धाडलेली, आणि प्रत्येकाच्या बुडाला मालकिणीच्या नावाची चिकटपट्टी. अल्माबाईंनी सगळ्यांना बसवलं, वाढलं, आणि स्वतःबद्दल लिहून आणलेलं भाषणही पाद्रीबुवांकडून वाचून घेतलं. दोन ठिकाणी त्यांनी दुरुस्त्या सुचवल्या.

दुपारी डार्लीनने रिकामी भांडी धुऊन ओळीने मांडली. "ही आज परत गेली पाहिजेत."

"उद्या देऊ की," लेलंड घाबरून म्हणाला. "आधी मर्लला पंप उघडू दे."

"मी कागदावर लिहिलंय, आज उघडणार नाही," मर्ल तोंडात केक असताना म्हणाला. "लिहिलं ते लिहिलं. उद्या चर्च सुटल्यावर ये."

"आणि भांडी माझ्या मयताची आहेत," अल्माबाई उठत म्हणाल्या. "द्यायला मीच येणार. मी जिवंत आहे हे लोकांना नीट दिसू दे."

"डबीतून जाऊ या, आई."

"त्यात चौदा भांडी बसतील का मी बसेन?"

लेलंडने डार्लीनकडे पाहिलं. डार्लीन फक्त एवढंच म्हणाली, "दोन भरण्यांच्या मध्ये जे चाललं ते सगळं हिशेबात. नियम मर्लचे आहेत."

मग ती एकशे बेचाळीस पौंडांची माउली, पर्स, काचेची चौदा भांडी आणि पुन्हा चर्चच्या खुर्च्या, कारण पाद्रीबुवांनी त्या उद्याला मागितल्या, असं सगळं घेऊन पिकअप निघाली. चौदा घरं, एकसष्ट मैल, सगळा खडीचा रस्ता. प्रत्येक दारात बाई बाहेर यायची, किंचाळायची, मग खिडकीशी वाकून वीस मिनिटं बोलायची. लेलंडने पहिल्याच दारात इंजिन बंद केलं.

"सुरू कर," अल्माबाई म्हणाल्या. "एसी लाव. तुझ्या पैजेसाठी मी पुन्हा मरणार नाही."

इंजिन चालू राहिलं. सकाळी तेवीस दाखवणारा पडदा घरागणिक खाली येत होता. एकोणीस, सतरा, सोळा. दहाव्या घरापाशी लेलंडने पडद्यावर आपली टोपी ठेवली.

रविवारी मर्लने दोन नंबरवर टाकी भरली. एकशे त्रेपन्न मैल, अकरा पॉइंट दोन गॅलन. भागाकार त्याने तीनदा केला, मित्र म्हणून. तिन्ही वेळा तेरा पॉइंट सातच आले. पडदा तेव्हाही पंधरा म्हणत होता. लेलंडने किल्ली काढली, एकदा पिकअपच्या बॉनेटवरून हात फिरवला आणि डार्लीनच्या हातात दिली. त्याला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही वाटलं. सोमवारी तो डबीतून टेबलावर आला तेव्हा कोणी हसलं नाही. मंगळवारी मात्र सगळे हसले.

पुढच्या शनिवारी सकाळी डार्लीन घाईघाईने म्हणाली, "आज आईंना तू ने. तुझ्या गाडीत चढायला-उतरायला त्यांना सोपं जातं." आणि उत्तराची वाट न बघता निघूनही गेली.

लेलंडने गुडघे हनुवटीशी घेतले, आईला शेजारी बसवलं आणि वेल्डनचा रस्ता धरला. अठराव्या मैलावर पुढे गाड्यांची रांग लागली. सगळ्या हळूहळू चाललेल्या. समोरून येणारा एक ट्रक कडेला थांबला होता आणि ड्रायव्हरच्या हातात टोपी होती.

"कोण गेलं रे?" अल्माबाईंनी मान उंच करून विचारलं.

लेलंडने वळणावर नीट पाहिलं. रांगेच्या टोकाला काळी पिकअप होती, मेण लावून चकचकीत केलेली. हौद्यावर काळी ताडपत्री ताणून बांधलेली. काचा बंद.

"कोणी नाही, आई."

"मग घाल की पुढे! माझी साडेआठची वेळ आहे."

"अशा रांगेच्या पुढे गाडी घालत नाहीत, आई," लेलंड म्हणाला. त्याने टोपी काढली आणि आयुष्यात प्रथमच पंचेचाळीसच्या वेगाने सुखाने गाडी हाकली.

संध्याकाळी डार्लीन घरी आली ती घामाने निथळत. तिने बर्फाचा चहा ओतून घेतला आणि सहज आठवल्यासारखं म्हणाली, "एकवीस पॉइंट चार."

लेलंडने वर्तमानपत्र खाली केलं नाही. "पडदा म्हणतो की पंप म्हणतो?"

डार्लीनने ग्लासात आणखी दोन बर्फाचे खडे टाकले.

"पडदा," ती म्हणाली. "पण मर्लला मी बावीस सांगितलंय."