चांगली दाढ

पैसे गेल्याचा मेसेज वाचला तेव्हा संतराम ओसरीवर बसला होता, आणि त्याचा हात आपोआप गालाकडे गेला. एवढ्याशा हालचालीने पुढचं सगळं रामायण घडलं.

"काय झालं वो?" सुमनबाईने चुलीपासून विचारलं.

"दाढ," संतराम म्हणाला. "दाढ दुखून राहिली."

बासष्ट हजार रुपये गेले होते. लेकीच्या, शिवकन्येच्या, नर्सिंगच्या प्रवेशासाठी ठेवलेले. वीजबिल अपडेट नाही, आज लाइन कापली जाईल, असा मेसेज आला आणि संतरामने खालच्या नंबरावर फोन लावला. पलीकडचा माणूस फार गोड बोलत होता. "बाबूजी, सिर्फ दस रुपये भरिए." दहा रुपयांसाठी त्याने संतरामला एक अ‍ॅप घ्यायला लावलं, आणि अ‍ॅपने बाकीचं काम स्वतःच उरकलं.

दुसऱ्या कोणाला हे सांगता आलं असतं. संतरामला येत नव्हतं. तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी करून निवृत्त झालेला माणूस. फाटकी नोट बोटांना कळायची, फुकट्या प्रवासी चालीवरून ओळखायचा. नरसी गावात कोणी फसलं की हा पारावर बसून त्याची हजेरी घ्यायचा. "फसवणारा हुशार नसतो रे," म्हणायचा, "फसणारा गाढव असतो." आता हे गाढव घरातच निघालं होतं आणि त्याला दावं कुठे बांधावं ते कळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दाढ दाखवायचं सांगून तो हिंगोलीला बँकेत गेला. तिथल्या मॅडमने कपाळाला हात लावला. "काका, तीन दिवस? त्याच घडीला एकोणीसशे तीसवर, सायबर हेल्पलाइनला, फोन करायचा असतो. पैसे पुढं पुढं सरकत जातात. आताच्या आता पोलिसांत जा."

संतराम पोलीस ठाण्याच्या फाटकापर्यंत गेलाही. पण आत बाकड्यावर गावातला किसनसिंग बसलेला दिसला, आणि हा तसाच मागे फिरून बस धरून घरी आला.

"काढली का दाढ?"

"गोळ्या देल्या."

मग दाढदुखी निभावावी लागली. भाकरी दुधात कुस्करून खायची, हरभऱ्याच्या घुगऱ्यांकडे नुसतं बघायचं. दोन दिवसांनी पुन्हा धीर करून हिंगोली गाठली, पुन्हा फाटकावरून परत. पुन्हा गोळ्या. आठव्या दिवशी सुमनबाईने पदर खोचला.

"असा कसा डाक्टर हाय हा? चला, मीच येते."

दातांच्या डॉक्टरने आरशाची काडी फिरवून फिरवून पाहिलं. "कोणती दुखते?"

संतरामने शेवटच्या एकीवर बोट ठेवलं.

"ही? ही तर चांगली दिसते."

"साहेब," सुमनबाई म्हणाली, "आठ दिवस झाले, माणूस धड जेवला न्हाई. रात्ररात्र कुसा बदलून राहिले. काढून टाका."

डॉक्टरने संतरामकडे पाहिलं. एका शब्दाने दाढ वाचली असती. संतरामने डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

कापसाचा बोळा दाबून, अर्धं तोंड बधिर करून तो बाहेर आला, तर बाकड्यावर शेजारचा हैदर बसलेला. गाद्या भरणारा हैदर, गाल टम्म सुजलेला, कानाशी फोन. ऐकू येत नसावं म्हणून त्याने फोन कानावरून काढून हातात धरला आणि आवाज मोठा केला.

"बाबूजी, सिर्फ दस रुपये भरिए."

तोच गोड आवाज.

"व्हय व्हय, भरून राहिलो," हैदर म्हणत होता. "अ‍ॅप आलं. आता काय दाबू?"

"आऊ ओओ!" संतराम ओरडला.

"काय संतरामभाऊ? लई दुखून राहिलं का?"

"आऊ ओओ! ए ओआए!"

"बसा, बसा. डाक्टरसाहेब, ह्यायला पाहा जरा!"

संतरामने झडप घालून फोन हिसकला. हैदरने मनगट धरलं. दोघांची ओढाताण सुरू झाली, कंपाउंडर धावला, एक बाई लेकरू उचलून दाराशी पळाली. शेवटी संतरामने बोळा रक्तासकट थुंकला आणि सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं बोलला, "दाबू नको! चोर हाय त्यो! माझे बासष्ट हजार गेले ह्याच्यात!"

हैदरने फोन बंद केला. सुमनबाई भिंतीला टेकून उभी होती.

"कवा?" तिने विचारलं.

"आठ दिवस झाले."

"म्हंजे दाढ..."

संतरामने मान खाली घातली. सुमनबाईने त्या रक्ताच्या बोळ्याकडे पाहिलं. मग नवऱ्याचं मनगट धरून तिने त्याला थेट पोलीस ठाण्यात नेलं. तिथे तक्रार लिहून घेतली. फार आशा धरू नका, असंही सांगितलं. प्रवेशाचे पैसे तिने पाटल्या गहाण ठेवून भरले. त्यावर ती घरात एक अक्षर बोलली नाही, आणि संतरामला तेच जास्त लागलं.

गावात मात्र वेगळीच गोष्ट पोचली. हैदरने भर दवाखान्यात चोराचा डाव ओळखला, अशी. पंधरा दिवसांनी गावात पोलिसांचा फसवणुकीबद्दल जागृतीचा कार्यक्रम झाला, सरपंच बालाजीने हैदरला शाल-नारळ दिला. "मला आवाजावरूनच संशय आला व्हता," हैदर माइकवर म्हणाला. संतरामकडे त्याने पाहिलं नाही. संतरामने सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.

मग फौजदारीणबाई उठल्या. "कोण कोण फसलंय? लाजू नका. तुम्ही सांगितलं तर दुसरा वाचतो. हात वर करा."

मंडपात कोणी हललं नाही. किसनसिंग चपलेकडे पाहू लागला. संतरामने हात वर केला. मागच्या पोरांत खसखस पिकली. तो एकटा हात बराच वेळ तसाच राहिला. मग बायांच्या बाजूने दुसरा वर झाला.

सुमनबाईचा.

घरी जाताना संतरामने अर्धी वाट कशीबशी काढली. मग विचारलं, "कवा?"

"दोन वर्षं झाली. फुकट घरघंटीचा फारम व्हता. अडीच हजार गेले."

"मला काहून न्हाई सांगितलं?"

"तवा तुमी ड्युटीवर व्हते," सुमनबाई म्हणाली. "गाडीभर लोकायला सांगितलं असतं."

सांगितलंच असतं त्याने, हिंगोलीपासून वाशिमपर्यंत. आणि बायकोचं नाव घेऊन.